भुलेआधीचं भरीत

माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन यशस्वी झालं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तूर्त मी जळगावच्या एका हॉस्पिटलात उपाशी पडलोय आणि यशाचा कुठे पत्ता नाही.

हात फैजपूरला, आमच्याच केळीत मोडला. ठिबकच्या बोटाएवढ्या नळीत पाय अडकला. खांद्यावरचा घड सुखरूप आहे. भेटायला येणारे आधी त्याचीच चौकशी करतात.

भूल देणाऱ्या मॅडम बजावून गेल्या, "पोटात काही नको. अगदीच वाटलं तर घोटभर पाणी."

मी मान डोलावली आणि सुनंदाफुईला, म्हणजे आत्याला, फोन लावला. ती डबा भरून भरीत घेऊन आली.

"डॉक्टर काय म्हने रे हेम्या?"

"भरीत चालतं म्हणे."

फुईला लगेच पटलं. भरीत कुठे चालत नाही?

ऑपरेशनच्या टेबलावर मॅडमनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाही."

पाठोपाठ ढेकर आला. त्यात लसणासकट सगळा तपशील होता.

ऑपरेशन उद्यावर गेलं. बाहेर आबा, म्हणजे माझे वडील, बहिणीवर कडाडले, "अक्का, पोरगं मेलं असतं म्हंजे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात फुई म्हणाली, "मीच चारलं त्याले. तो नको-नको म्हने."

उघडलेलं तोंड मी जांभईसाठी वापरलं.

दुसऱ्या दिवशी खांद्याजवळ सुई टोचली. हात मेला, मी जागाच. पडद्यापलीकडे कुणीतरी बोअर मारत होतं, माझ्या हाडात. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्लेट बसली. फुईने मात्र शपथ घेतली: हेम्याचा हात पूर्ण चालेपर्यंत भरीत बंद. आणि थंडी तर आत्ताच आहे. रोज कुणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी. फुई कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजते, ठेचते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः ताक-भाकर खाऊन उठते.

काल मला वाढताना हळूच म्हणाली, "डाव्या हातानं खाय बाप्पा. आबाले काही सांगू नको, तो मारीन तुले."

सांगणारच होतो. तोंडात घास होता.

सबब, हॉस्पिटल प्रशासनास नम्र विनंती की, वांग्याचे भरीत हे घोटभर पाणीच असल्याचे पूर्वलक्षी प्रभावाने घोषित करण्यात यावे आणि सुनंदाबाईंना निर्दोष ठरवून चालू हंगामातच भरीत खाण्याची परवानगी देण्यात यावी.