लवू फिटरची गाडी

लवू पेडणेकरला वाकडी रेघ दिसली की जेवण गोड लागत नसे. सव्वीस वर्षं मिलमध्ये फिटर. खात्यात कुठलंही काम हातात घेतलं की अमुक लवूनं केलंय हे सांगावं लागायचं नाही, नुसता अंगठा फिरवला की कळायचं. पुढे संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच. बरोबरच्या लोकांनी मिळेल ते धरलं. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी सरळ मालवणची एसटी पकडली. आणि आमच्या लवूनं काय केलं? मुलुंडला चाळीतल्या खोलीच्या मागे पत्र्याची शेड ठोकली आणि गाडी बांधायला घेतली. विकत नाही हो घेतली, बांधायला घेतली!

ठाण्यापलीकडे एका खाणीवर जीप सडत पडली होती. टायर गेलेले, सीटा उंदरांनी खाल्लेल्या, खालचा सांगाडा, म्हणजे चेसी, जागोजाग गंजलेली. धड होतं ते फक्त आरसी बुक. लवूनं ती ओढून आणली आणि पिकअप करतो म्हणाला. पुढे दोन माणसं बसतील, मागे लाकडी हौदा, वर ताडपत्री. लोक हसले. हसणाऱ्यांचं काय, त्यांना कुठे काम होतं?

पण हौस म्हणून नव्हता बांधत तो. त्याची बायको रत्नप्रभा खानावळ चालवायची. मेन रोडच्या पलीकडे एक कारखाना होता, तिथले चाळीस कामगार तिच्या हातचं जेवायचे. घर चालत होतं ते त्या खानावळीवर, लवूच्या गाडीवर नव्हे. रोज अकराच्या ठोक्याला ती आणि शेजारची मालन निघायच्या. मालनकडे चपात्यांची टोपली आणि भाजीचा डबा. रत्नप्रभाच्या डोक्यावर डाळीचा टोप, झाकण हलू नये म्हणून त्यावर फडक्यात गुंडाळलेलं वजन. वीस मिनिटं चालत जायचं, वाढायचं, भांडी घेऊन परत यायचं. तिचे गुडघे गेले होते. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, बाई, डोक्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर वर्षाच्या आत भिंत धरून चालाल.

"गाडी होवंदे," लवू म्हणायचा. "मगे तू पुढे सीटवर बसान जा. टोप मागे."

हे तो पहिल्या वर्षी म्हणाला, दुसऱ्या वर्षी म्हणाला, तिसऱ्या वर्षी म्हणायला लागला तेव्हा तिनं ऐकणं सोडलं. आणि तोवर टोप आपण उचलावा असं काही त्याच्या मनात आलं नाही. म्हणजे आलं असेल, पण त्या कारखान्यात त्याच्याच खात्यातले दोघे लागले होते. त्यांच्यासमोर लवू फिटर बायकोचा टोप डोक्यावर घेऊन जाणार? छे! त्यापेक्षा तो सकाळी आठला शेडमध्ये शिरायचा आणि कानस मारत बसायचा.

काम मात्र बघत राहावं असं. दरवाजे जुन्या ॲम्बॅसॅडरचे, कापून जीपच्या मापाला बसवलेले. बंद केले की कपाट बंद केल्यासारखा आवाज. हौद्याला सागाच्या फळ्या, स्क्रू सगळे एका रेषेत, खाचासुद्धा एकाच दिशेला. इंजिन तीनदा खोललं, तीनदा बांधलं. चेसीचा गंजलेला भाग कापून त्यानं नवं लोखंड जोडलं होतं, आणि तो जोड घासून घासून असा एकजीव केला होता की बोट फिरवलं तरी सांधा कुठे आहे ते कळू नये. कुणी शेडमध्ये आलं की लवू आधी त्याला खाली वाकवायचा आणि तो जोड दाखवायचा.

चौथ्या वर्षी गणपती गेले आणि रत्नप्रभानं एक दिवस टोप खाली ठेवला तो धप्पकन.

"दसऱ्यापर्यंत," ती म्हणाली. "दसऱ्यापर्यंत मी ह्यो टोप उचलतंय. मगे गाडी नायतर खानावळ बंद. माझ्यान आता होऊचा नाय."

लवू म्हणाला, "झालीच गो." आणि खरंच झाली होती. रंगाचा शेवटचा हात तेवढा राहिला होता. तो मारला आणि गाडी आरटीओच्या मैदानात पासिंगला नेली.

इन्स्पेक्टर वैद्य म्हणून होते. चष्मा, पांढरा शर्ट, बोलायला कमी. गाडीभोवती एक फेरी मारली, दरवाजा दोनदा उघडून बंद केला आणि मान हलवली. लवूची छाती फुगली. मग वैद्यांनी पेन्सिल आणि पातळ कागद घेतला. चेसीवर कंपनीनं ठोकलेला नंबर असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात, तो छाप बुकातल्या नंबराशी जुळला की गाडी तुमची.

"पेडणेकर, नंबर कुठाय?"

"हा काय साहेब, डाव्या बाजूला, पुढं..."

लवू वाकला. आणि तसाच वाकलेला राहिला. डाव्या बाजूला पुढं त्याचा तो जोड होता. गुळगुळीत, लखलखीत, लोकांना बोलावून बोलावून दाखवलेला. तीन वर्षांपूर्वी गंजलेला वीतभर तुकडा त्यानं तिथून कापून टाकला होता आणि नंबर त्या तुकड्यावर होता. सगळ्या मुंबईत आणखी कुणाच्या हातून ही चूक झाली नसती, कारण बाकी कुणी तिथे नुसती पट्टी मारून रंग फासला असता. हा शहाणा सगळं कापून नवं करायला गेला.

"तो तुकडा आणा," वैद्य म्हणाले. "तुकडा दाखवलात तर मी वर लिहितो, परवानगी घेऊन नवीन लोखंडावर नंबर मारून देतो. तुकडा नाही, तर ही गाडी तुमची की कुणाची मारलेली, हे मला कसं कळायचं?"

लवूनं आधी शेड उपसली. मग पाच रस्त्याजवळचा भंगारवाला, मग भांडुपचा, मग कुर्ला, मग पार देवनारपर्यंत जाऊन आला. भंगारवाले तोंडावर हसत होते. "चाचा, तीन साल का लोहा? वो तो कब का सळी बनके किसी बिल्डिंग में गया." लवू तरी ढीग उकरायचा. पायात पत्रा घुसला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आला, पुन्हा उकरायला बसला. घरी मात्र चकार शब्द नाही. रत्नप्रभानं विचारलं तर "तारीख पुढे गेली" म्हणायचा. आपल्या हातानं आपण नंबर कापला, हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगणार?

दसरा दहा-बारा दिवसांवर आला. आरटीओच्या गेटवर रतन नावाचा एजंट बसायचा, त्याला लवूचा चेहरा पाठ झाला होता.

"काका, किती फिरताय उन्हात? तुम्ही फिटर ना? आकडे ठोकायचे पंच आहेत ना तुमच्याकडे? मारा की नंबर!"

"खोटा?"

"खोटा कसा? बुकात आहे तोच मारायचा. गाडी तुमची, नंबर तुमचा. खोटं काय आहे त्याच्यात, सांगा?"

लवूनं दोन दिवस स्वतःला हेच विचारलं. नंबर खरा होता, गाडी खरी होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नप्रभा उंबऱ्यावरून उतरताना भिंत धरून उतरली, ते त्यानं शेडमधून बघितलं. त्यानं पेटी उघडली. आकड्यांचे पंच काढले, तेलात पुसले. काटकोनाचा गुण्या लावून बारीक रेघ आखली. एका आकड्यापासून दुसरा किती अंतरावर, ते मोजून खुणा केल्या. मग प्रत्येक आकड्याला एकच घाव, सगळ्यांची खोली सारखी. वर मिठाचं पाणी आणि माती चोळली, चार दिवसांत गंज धरला. त्यानं अंगठा फिरवून बघितला आणि कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. एखादा आकडा मुद्दाम कलता मारावा हे काही त्याला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी हातानं ऐकलं नसतं.

शुक्रवारी गाडी पुन्हा मैदानात नेली आणि तुकडा सापडला, परत जागेवर जोडला, असं सांगितलं. वैद्य गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. लवू टायरकडे बघत उभा. शेवटी ते बाहेर आले, रुमालानं हात पुसले.

"पेडणेकर, मिलमध्ये काय होतात म्हणालात?"

"फिटर, साहेब."

"वाटलंच." त्यांनी चष्मा काढला. "अहो, कंपनीतला माणूस दिवसाला किती गाड्यांवर नंबर ठोकतो. तो रेघ आखत बसतो का? त्याचा एक आकडा वर जातो, एक खाली, एक अर्धाच उमटतो. गेली अठरा वर्षं मी हेच बघतोय. इतका सरळ नंबर मी आज पहिल्यांदा बघितला. एवढं चांगलं काम करून तुम्ही स्वतःची वाट लावलीत."

लवूनं वाकून त्या आकड्यांवरून एकदा अंगठा फिरवला. वैद्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"तुकडा मिळाला नाही म्हणून आला असतात, तरी मी काहीतरी खटपट केली असती. आता त्या जागी खोटा नंबर आहे. आता तुकडा आणलात तरी माझ्या हातात काही राहिलं नाही. पोलिसात देत नाही, तुमच्या वयाकडे बघून. गाडी ओढून घरी न्या. पुन्हा इथे आणू नका."

टेम्पोमागे दोर बांधून गाडी घरी आली. चाळीतली माणसं गॅलरीत उभी होती. कुणी हसलं नाही, आणि त्याचाच लवूला जास्त त्रास झाला. रत्नप्रभा तांदूळ निवडत होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"गाडी पास नाय झाली. होऊची पण नाय. चूक माझीच."

कसली चूक, हे तिनं विचारलं नाही. सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग एकदम सूप ढकललं.

"चार वरसां! चार वरसां माझ्या जिवाक गाडी दाखवल्यात. ह्या येतला, ता येतला, तू सीटवर बसतलस! माका सीट नको होती हो. माका कोणीतरी हात लावूक होयो होतो!"

एवढं बोलून ती दमली. पदरानं तोंड पुसलं, सूप पुन्हा ओढून घेतलं. उद्या माणसं जेवायची होतीच. लवू तिथेच बसून राहिला. लाज वाटणं म्हणजे काय ते त्याला मिल बंद पडली तेव्हासुद्धा इतकं कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना तो शेडमधून नव्हे, खोलीतून उठला. रत्नप्रभा चुंबळ वळत होती. त्यानं तिच्या हातातून ती घेतली.

"खंयचो टोप?"

मालननं टोपली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावला. रत्नप्रभानं बोटानं दाखवला. लवू वाकला, कडांना धरून टोप उचलायला गेला तर झाकणावरचं वजन सरकलं. त्यानं ते हातात घेतलं. जुन्या खाकी पँटचं फडकं, आत लोखंड. वीतभर लांब, दोन्ही कडा दुमडलेल्या. फडकं सोडायच्या आधीच त्याच्या अंगठ्याला कळलं.

त्यानं फडकं सोडलं. राखेनं घासून स्वच्छ केलेला चेसीचा तुकडा. खाचांमध्ये जुनं कुंकू बसलेलं, त्यामुळे नंबर ठसठशीत दिसत होता. सात एका बाजूला कललेला. चार खाली गेलेला. शेवटचा आकडा अर्धाच.

"ह्या तुका खंय गावला?"

"गावतला खंय? तुमच्या शेडीतला. त्या वरसा खंडेनवमीक तुमच्या हत्यारांवांगडा मीच पुजलेला. पुजलेला लोखंड भंगारात कसा घालूचा? म्हटला, झाकणावर ठेवूक होयत." ती पदराचं टोक खोचत म्हणाली. "तीन वरसां टोपावर आसा ता. तुमी कधी टोप उचलल्यात?"

लवू त्या नंबराकडे बघत होता. तीन वर्षं हा तुकडा रोज अकरा वाजता त्याच्या शेडवरून कारखान्यात गेला होता आणि दोन वाजता परत आला होता. देवनारच्या ढिगात पाय कापून घेतला त्या दिवशीसुद्धा.

"कित्याक? कामाचो आसा काय?"

"आता नाय," लवू म्हणाला.

त्यानं तुकडा फडक्यात नीट गुंडाळला, गाठ मारली, झाकणाच्या बरोबर मधोमध ठेवला. मालननं हात लावला आणि टोप त्याच्या डोक्यावर चढला. पन्नास पावलांत मान आखडली. पाच रस्ता येईपर्यंत डाळीची वाफ झाकणाच्या कडेतून निघून कानशिलावर यायला लागली, आणि हात सोडावा तर टोप हलतो. मागून रत्नप्रभा रिकाम्या हातांनी, एक पाय ओढत येत होती. कारखान्याच्या गेटवर त्याच्या खात्यातले ते दोघे विडी ओढत उभे होते. लवूला ते दिसले, पण मान वळवता येत नव्हती.

"इतको जड?" त्यानं समोर बघतच विचारलं. "रोज इतको जड असता?"

"आज हलको आसा," मागून रत्नप्रभा म्हणाली. "शनवारी अर्धी माणसां सुटीक असतत."