कपाचा कान

आमच्या दादाला जुन्या वस्तू जपायची भारी हौस. म्हणून तर टीव्हीला जोडून चालणारा आमचा लहानपणीचा कॉम्प्युटर चाळीस वर्षांनी वाचनालयातल्या प्रदर्शनात दिमाखात सुरू झाला. निळा पडदा, मोजून चार रंग आणि कडेने ओळीत चित्रं. पत्रांसाठी कप, खेळांसाठी किटली, नको त्या फायली टाकायला टमरेल. शेजारी कार्ड: 'यंत्र, दुरुस्ती व पडद्यावरील सजावट – स्वतः.'

स्वतः म्हणे! ती चित्रं मी काढली होती. आधी चौकटीच्या वहीत एकेक चौकोन रंगवायचा, मग पडद्यावर एकेक ठिपका उमटवायचा. एकट्या कपाला अख्खी सुट्टी गेली. तेव्हा हाच दादा म्हणायचा, "काय हा रिकामटेकडा उद्योग!"

"कार्डावर एक ओळ घाल ना," मी म्हटलं. "चित्रं, धाकटी बहीण. बस."

"अगं, लोक मशीन बघायला येतात. तुझं काय मध्येच?"

पन्नाशी उलटली तरी दादापुढे माझं तोंड उघडत नाही, याचा मला संताप येतो.

दुपारी एक चष्मेवाल्या बाई पडद्याशी वाकून बराच वेळ उभ्या राहिल्या. "कपाचा कान डावीकडे, किटलीचा डावीकडे, टमरेलाचासुद्धा! तुम्ही डावखुरे का हो?"

"छे हो," उजव्या हातातलं पेन खिशाला लावत दादा म्हणाला, "ती आपली माझी स्टाइल."

"गंमतच आहे. माझी बहीण डावखुरी आहे, उद्या तिला आणते."

मला इतका आनंद झाला की रडूच यायचं बाकी होतं. डाव्या हाताने लिहिते म्हणून बाबांनी सहा वर्षं माझा कान पिळला होता. मी कप जसा धरते तसाच काढला होता, बाकी काही डोक्यात नव्हतं. पण पडद्यावर माझी सही होती आणि ती कुणाला तरी दिसली होती. उद्या त्या दोघींना सगळं सांगून टाकायचं, दादा समोर असला तरी. मी ठरवूनच झोपले.

सकाळी पडदा पाहिला. सगळे कान उजवीकडे.

"चित्र उलटं करायची सोय आहे त्यात," दादा खुशीत म्हणाला. "एक बटन दाबलं की झालं. उगाच लोकांच्या शंका नकोत."

"आणि आधीची चित्रं?"

"ती पुसली गेली. ही त्यांच्या जागीच सेव्ह केली, दुसरी फ्लॉपी आहे कुठे?"

अकराच्या सुमारास बाई बहिणीला घेऊन आल्या. पडद्याकडे पाहून गोंधळल्या. "काल कान डावीकडे होते ना?"

"तुम्हाला भास झाला असेल," दादा हसून म्हणाला.

सांगायचं ठरवलेलं सगळं राहूनच गेलं. दाखवायला काही उरलंच नव्हतं; कान परत डावीकडे फिरवले असते, तरी ती आता माझी सही राहिली नव्हती. बाबांना सहा वर्षं कान पिळून जे जमलं नाही, ते दादाने एका बटनात करून दाखवलं.