मुसाचं झाड

शेळ्यांना पाला टाकायला म्हणून बनाबाई परसात आली आणि सहज तिची नजर भिंतीकडे गेली. काल संध्याकाळी भिंतीला दोन पेंढ्या उभ्या होत्या. आता तिथं एकही नव्हती.

एक जायचीच होती. ती भेंडीच्या जून झाडांची होती, चुलत दीर अप्पांच्या गुऱ्हाळासाठी राखलेली. उसाचा रस काहिलीत तापला की ठेचलेल्या भेंडीचं बुळबुळीत पाणी त्यात ओततात. मग मळी वर येते, ती काढून टाकली की गूळ कसा पिवळाधमक उतरतो. यंदा अप्पांची भेंडी केवडा रोग पडून गेली होती, तेव्हा बनाबाईनं आपण होऊन निरोप धाडला होता, की परसात भिंतीला लावून ठेवलीय, घेऊन जा.

दुसरी पेंढी मुसाच्या झाडाच्या काड्यांची होती. काल छाटणी केली, पाला खड्ड्यात पुरला आणि काड्या ओल्या होत्या म्हणून वाळवून जाळायला तिनं त्याच भिंतीला टेकवल्या. पानं ओरबाडल्यावर ही बोटभर जाडीची हिरवी काडी कोणती आणि ती कोणती, हे अप्पांच्या बिरदेव गाडीवानाला काय कळणार? बिचाऱ्यानं दिसल्या तेवढ्या पेंढ्या गाडीत टाकल्या. त्याला कशाला नावं ठेवा, ठेवणारीलाच अक्कल नको?

हातातला पाला तिथंच टाकून ती पळत सुटली.

मुसाचं झाड साऱ्या तालुक्यात एकच होतं. बनाबाईचा नवरा सोपान लढाईत ब्रह्मदेशात होता, दवाखान्याच्या पलटणीत, जखमी माणसं खाटेवर घालून उचलून आणायच्या कामावर. तिथं पश्चिम आफ्रिकेतल्या पलटणीही लढत होत्या. त्यातल्या मुसा नावाच्या गड्याशी त्याचं जमलं. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण एका खाटेची दोन टोकं उचलणाऱ्यांना भाषा लागतेच कशाला? मुसाचा आजा त्यांच्याकडचा वैद्य. डोकं तापलेल्या, झोप उडालेल्या माणसाला तो एका झाडाचं मूळ द्यायचा. त्या झाडाच्या बिया मुसाच्या कमरेच्या पिशवीत असत. निरोप घेताना त्यानं मूठभर सोपानच्या हातावर ठेवल्या आणि काय करायचं, काय नाही, ते हातवारे करून पक्कं बजावलं. मूळ औषध, पाला आणि काडी विष.

सोपान घरी आला तो हाडामांसाचा आला, पण मन तिकडंच राहिलं होतं. रात्र रात्र टक्क जागा. विहिरीवर सुरुंगाचा बार झाला की पालथा पडायचा. एके दिवशी डोक्यावरून विमान गेलं, तेव्हा अप्पांची लेक रतन बांधावर बोरं वेचत होती. सोपाननं पोरीला उचललं, पाटात उडी घातली आणि बॉम्बपासून वाचवायचं म्हणून तिला पाण्याखाली दाबून धरलं. लोकांनी ओढून काढली तेव्हा ती काळीनिळी झाली होती. अप्पा त्याचे थोरले चुलतभाऊ. त्याच दिवशी त्यांनी बैलाची साखळी आणली आणि सोपानला गोठ्याच्या खांबाला बांधलं. बनाबाई बघत राहिली. काय म्हणणार होती?

बिया तिनंच पेरल्या. पाटाच्या ओलीला एकच रोप उगवलं, त्याला तिनं पोरासारखं वाढवलं. मूळ जाड झालं तसं एका बाजूनं थोडंसं खणायचं, माती परत लोटायची, साल सावलीत वाळवायची, कुटायची आणि चिमूटभर तुपातून द्यायची. चिमूट तिच्याच हातची. जास्त झालं तर माणूस ओकतो, गार पडतो, नाडी मंदावते, हे ती एकदा चुकून शिकली होती. हळूहळू सोपान झोपू लागला. मग औत धरू लागला. साखळी सुटली, ती खुंटीला लटकून राहिली.

पण गेल्या साली अप्पांचा खोंड त्या झाडाचा पाला खाऊन मेला. अप्पा कुऱ्हाड घेऊन आले होते. सोपाननं पाय धरले म्हणून थांबले, पण जाताना साऱ्यांच्या देखत म्हणाले, "आता परत एक जीव जरी गेला त्या झाडापायी, तर मी इचारायला येनार न्हाई."

पळता पळता बनाबाईला तेच शब्द ऐकू येत होते. खरं सांगितलं की झाड गेलं. आणि झाड गेलं की साखळी खाली आली.

गुऱ्हाळावर पहिली काहील उतरली होती. वाफ्यात गूळ ओतून झाला होता. गुळव्या तात्याबा कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडं बघत होता. "मळी धड वर आलीच न्हाई," तो पुटपुटला. "भेंडीला बुळबुळच नव्हती. पांडरं पानी नुसतं." अप्पांनी नैवेद्याची वाटी पुढं केली होती. पहिला गूळ बिरोबाला, मग जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर. पोरंसोरं, मोळीवाले, चरकावरचे गडी हात पसरून उभे होते.

"थांबा!" बनाबाई ओरडली. "खाऊ नगा! काहिलीत पाल पडलीया!"

हे कुठून सुचलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. पण बाण नेमका लागला. अप्पांनी हातातली वाटी खाली ठेवली. बायकांनी पोरांचे हात मागं ओढले.

"कुनी बघितली पाल?" अप्पांनी विचारलं.

"मी. मगाशी, हितनं जाताना. आढ्यावरनं पडली."

थोरल्या दिराशी ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती. आज डोक्यावरचा पदर कुठं होता याचीही शुद्ध नव्हती. अप्पांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि हात हलवला. "ओता उकिरड्यावर समदं. भेंडीचं पानी बी सांडा. काहील घासून घ्या."

सुटलो, बनाबाईला वाटलं. सगळे वाचले, झाडही वाचलं. देवा बिरोबा, तुला नारळ.

तेवढ्यात चुलवणाच्या पलीकडून अप्पांची बायको प्रयागबाई धापा टाकत आली. "अवं, रतनला कसंतरीच व्हायलंय! काकवी पिली हो ती मगाशी. डोहाळे लागल्यात म्हनून मीच पळीभर दिली, गूळ उतरायच्या आधी!"

रतन. इंदापूरला दिलेली, दोनदा गर्भ राहून गेलेली आणि आता सातव्यात माहेरी आलेली रतन. बनाबाई प्रयागबाईच्या मागं धावली.

रतन बाजेवर कुशीला पडली होती. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. बनाबाईनं मिठाचं पाणी पाजून तिला भडाभडा ओकायला लावलं. दोनदा, तीनदा. सगळ्या बायका म्हणाल्या, पडलं बाई सगळं, आता झोपू दे तिला. पण बनाबाईनं तिचा हात हातात घेतला आणि तो गार लागला. नाडी चाचपावी लागत होती. रतनचे डोळे मिटू मिटू होत होते.

"काकू," ती नाकातून बोलली, "नाक चोंदलंय गं माझं. झोप येतीया."

सोपान दारात येऊन उभा होता. गलका ऐकून तो शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आला होता. 'नाक चोंदलंय' हे ऐकलं आणि त्याची मान हळूच वर झाली. औषध जास्त झालं की त्याचंही नाक असंच चोंदायचं. त्यानं बनाबाईकडं बघितलं. तिनं नजर चुकवली. पण इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला नजर चुकवणं हेच उत्तर असतं.

अप्पांनी गाडीला बैल जुंपायला लावले. बारामतीला डॉक्टरकडं न्यायचं होतं. एक पाय गाडीच्या चाकावर ठेवून ते वळले. "बना, डाक्तर इचारल काय झालं. तू बघितलीस न्हवं? पाल कसली व्हती? केवढी?"

सगळे तिच्याकडं बघू लागले. डोळ्यांपुढं ती साखळी लटकत होती. पाल म्हणून सांगितलं तर डॉक्टर पालीवर औषध देणार, आणि ह्या पोरीची नाडी आधीच बुडत चाललीय. कुठलंसं इंजेक्शन टोचलं आणि उलटलं तर? पण खरं सांगितलं तर? सोपानची जुनी किंकाळी तिच्या कानात वाजली.

"सांग," सोपान म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "ह्या पोरीला मी एकदा पान्यात घातलंया, बने. दुसऱ्यांदा न्हाई."

आणि मग बनाबाईनं सांगितलं. दोन पेंढ्या, एक भिंत, खोटी पाल, सगळं. रडत नाही, थांबत नाही, एका दमात. "पालीबिलीचं काय न्हाई अप्पा. मुसाच्या झाडाची काडी हाय. डाक्तरला सांगा, नाडी मंद करती, अंग गार पाडती. झोपंचं कायबी द्यायचं न्हाई. उशाला काय घ्यायचं न्हाई, आडवी न्या, अंगावर घोंगडं घाला."

प्रयागबाईनं तोंडाला पदर लावला. अप्पांचा जबडा घट्ट झाला होता.

"सोपानला काय देतीस तू?" त्यांनी विचारलं.

"मूळ. निस्तं मूळ. काडी आन् पाला कधीच न्हाई."

रतनला गाडीत आडवं घातलं, अप्पा पुढं बसले आणि बैलांवर चाबूक ओढला.

दोन दिवस वडगावात दुसरा विषय नव्हता. सोपान पाटाच्या कडेला झाडाजवळ बसून राहिला. बनाबाईनं चिमूट दिली तर हात मागं घेतला. पोरगी कशी आहे ते कळल्याशिवाय नको म्हणाला. रात्री तो जागाच होता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं. ती आतून करपत होती. रागही येत होता, त्याचा, अप्पांचा, लढाईचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा आले. खांद्यावर कुऱ्हाड. मागं निम्मं गाव.

"रतन?" सोपान उठून उभा राहिला.

"बरी हाय. पोटातलं हलतंय." अप्पा थांबले. "डाक्तर म्हनला, काय पोटात गेलं ते कळलं म्हनून बरं झालं. पालीचं सांगितलं असतं तर तो भलतंच टोचून बसला असता."

सोपान परत पाटाच्या कडेला बसला. बनाबाईनं हात जोडले, पण अप्पा तिच्याकडं बघत नव्हते.

"तोडा अप्पा, इख हाय ते!" मागून कुणीतरी ओरडलं. "मुळासकट काढा!"

अप्पांनी धोतर खोचलं आणि कुऱ्हाड घातली. बनाबाईनं डोळे मिटून घेतले. काड्या पडत होत्या, पांढरा चीक उडत होता, तिला प्रत्येक घाव ऐकू येत होता. मग आवाज थांबला. जमिनीच्या वर बोटभर खुंट राहिले होते. अप्पांनी काड्या आणि पाला बाजूला गोळा करून त्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. सगळं गाव आगीकडं बघत होतं. तेवढ्यात अप्पांनी पायानं माती लोटली आणि खुंट झाकून टाकले. कुणी खणायला कुदळ पुढं केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली.

"तोडायचं म्हनलो व्हतो, तोडलं," ते गावाला म्हणाले. "निगा आता. कामंधंदं न्हाईत व्हय?"

लोक पांगले. अप्पा बनाबाईजवळ आले. खाली मातीकडंच बघत हळू आवाजात म्हणाले, "पानी देत जा. बाभळीचं कुपान मी आनून टाकतो. काडी छाटली की माझ्या देखत जाळायची."

तिनं नुसती मान हलवली.

अप्पा दोन पावलं गेले आणि वळले. "ती साखळी कुठंय?"

सोपाननं मान खाली घातली. मग तोच उठला, गोठ्यात गेला आणि खुंटीवरची साखळी काढून त्यानं अप्पांच्या पुढं धरली. दोन्ही हात त्यानं तसेच पुढं ठेवले.

अप्पांनी त्या हातांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साखळी घेतली आणि खांद्यावर टाकली.

"काहील उतरवायला साखळी कमी पडतीया," ते म्हणाले. "आन् उद्या गुऱ्हाळावर ये. मानूसबी कमी हाय."