दुसऱ्या बाजूचं भाडं

आमच्या प्राचार्यांकडं पैसे नव्हते असं नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला होते, पाहुण्यांच्या शालींना होते, जिमखान्याच्या नव्या पाटीलाही होते. फक्त वादविवाद मंडळाचं नाव काढलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे. "विद्यार्थ्यांनी लोकांत गेलं पाहिजे, स्वतः काही उभं केलं पाहिजे," असं ते म्हणाले, म्हणून आम्ही लोकांत गेलो. दोन हजार चार सालचा फेब्रुवारी होता आणि पुण्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठवड्यावर आली होती.

मंडळ म्हणजे मी स्वप्नाली आणि माझ्या वर्गातला सत्यजित, आम्ही दोघंच. बाकीचे सभासद हजेरीपुरते. स्पर्धेला जोडी लागते, एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. फी आणि एसटी धरून माणशी साडेतीनशे रुपये लागणार होते.

मला जायचंच होतं. मागच्या वर्षी त्याच स्टेजवर मी 'पानी' म्हणाले आणि सभागृह हसलं. विषय धरणांचा, त्यामुळं शब्द टाळता येईना. तो आला की सभागृह पुन्हा हसायचं. शेवटी घंटा व्हायच्या आधीच मी खाली उतरले. तेव्हापासून वर्षभर आरशासमोर, गोठ्यात, एसटीत खिडकीकडं तोंड करून मी 'पाणी, पाणी' म्हणत होते. शेजारच्या बाईनं एकदा बाटली पुढं केली होती. आता हे शेवटचं वर्ष होतं आणि ते हसू तिथंच ठेवून मला कॉलेज सोडायचं नव्हतं.

आमच्या यवतमध्ये वर्गणीसाठी खताच्या दुकानापासून ढाब्यापर्यंत सगळे दरवाजे झाले. मंडळ म्हटलं की लोक म्हणायचे, "गणपतीला अजून येळ हाय की." शिरूरकडच्या एका कारखान्यावर गेलो तर वॉचमननं आम्हाला उन्हात उभं करून ठेवलं आणि "साहब मीटिंग में हैं" हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. घरी आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. मेंढरं इकून इतकी वर्सं झाली, पर चालणं काय सुटलं न्हाई आपलं." मला हसूही येईना. रात्रीचं जेवणसुद्धा मी उभ्यानंच उरकत होते.

शेवटी सत्यजित मला खुटबावला घेऊन गेला. तिथं हौसराव राहायचे. सोसायटीचं चेअरमनपद जाऊन दोन निवडणुका झाल्या होत्या, तरी सगळे त्यांना चेअरमनच म्हणायचे. नात्यानं ते सत्यजितच्या वडिलांचे कुणीतरी लागत होते.

"मंडळ कसलं?" त्यांनी विचारलं.

"वादविवाद मंडळ," मी म्हणाले.

"म्हंजी वाद मिटवता?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सत्यजितनं माझ्या पायावर पाय दिला. "व्हय आबा," तो म्हणाला.

चेअरमनचा एक वाद होताच. धाकटा भाऊ वारला होता, त्याची बायको धुरपदा शेजारच्याच घरात राहायची. दोघांत विहीर एक, मोटर एक. लोडशेडिंगमुळं शेतीची लाइट आठवड्यातले तीन दिवस दिवसा यायची आणि चार दिवस रात्री. दिवसाच्या तिन्ही पाळ्या चेअरमनच्या, रात्रीच्या चारी धुरपदाच्या.

"तिला एक पाळी जादाच दिलीया," चेअरमन म्हणाले. "तरी गावात माझं नाव खराब होतंय. तुम्ही शिकलेली पोरं, चार लोकांत येवढं पटवून द्या. पुण्याचं तुमच्या दोघांचं मी बघतो."

बुधवारी त्यांच्या अंगणात लिंबाखाली माणसं जमली. गेणबा नावाचे म्हातारे पंच मधोमध बसले. सत्यजित इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला तहान लागली होती, म्हणून मी शेजारच्या घरी पाणी मागायला गेले. तांब्या घेऊन जी बाई बाहेर आली तीच धुरपदा.

"काकू, तुमचं म्हणणं काय आहे?" मी सहज विचारलं.

"दिसभर मजुरी, आन् रातीला पान्याची दारं धरायची," ती म्हणाली. "बॅटरी तोंडात धरती. दोन्ही हातांत फावडं असतं नव्हं. मागल्या थंडीत पायावरनं सळसळत जनावर गेलं, तशीच उभी राहिले. दारं सोडून पळाले असते तर वाफा फुटला असता."

"मग आज सांगा की हे सगळ्यांना."

तिनं पदर पुढं ओढला. "थोरलं दीर हायती ते माझं. लगीन झाल्यापासनं त्येंच्या म्होरं तोंड उघडलं न्हाई मी."

अंगणात आले तेव्हा सत्यजितचं भाषण सुरू झालं होतं. 'सन्माननीय अध्यक्ष महाशय' म्हटल्याबरोबर चेअरमन ताठ बसले. त्यांना वाटलं, आपल्यालाच म्हणाला. सत्यजित बोलतो चांगलं. चार हे तीनपेक्षा जास्त, मोठ्या भावानं लहानाला जास्त दिलं, हीच आपली परंपरा, असं त्यानं इतकं गोड मांडलं की माणसं माना हलवायला लागली. धुरपदाकाकू दूर भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा पदरात होता.

"झालं तर मग," चेअरमन म्हणाले. "मिटला वाद."

"नाही मिटला," मी उठले. "अजून विरुद्ध बाजू राहिली."

"ती कशाला?"

"वादविवादाला दोन बाजू लागतात, आबा. एकाच बाजूचं भाषण म्हणजे सत्कार."

गेणबा हसले. त्यांनी हातानंच खूण केली, बोल. सत्यजित डोळे वटारून माझ्याकडं बघत होता. त्याचं बरोबरच होतं. पुणं आमच्या हातात आलं होतं आणि मी ते सोडून द्यायला निघाले होते. मला ते स्वच्छ दिसत होतं, म्हणून तर राग येत होता. कुणावर ते मात्र सांगता येत नव्हतं.

अध्यक्ष महाशय वगैरे काही आठवलं नाही. "चार रात्री जास्त की तीन दिवस जास्त, ते मला न्हाई ठावं," मी म्हणाले. "ह्या चार रात्री देऊन ते तीन दिवस घ्यायला काकू तयार हायती, चेअरमननी येवढंच सांगावं. आबा, करता का अदलाबदल?"

मग मी बॅटरीचं सांगितलं, फावड्याचं सांगितलं, पायावरनं गेलेल्या जनावराचं सांगितलं. विहिरीचं पानी दोघांचं, मग उजेडातलं पानी एकाचंच का, असं विचारलं. पानी, पानी असं किती वेळा म्हणाले कोण जाणे. खाली बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, एवढी माणसं होती आणि कुणीसुद्धा हसलं नव्हतं.

गेणबांनी निकाल दिला. एक आठवडा दिवसाच्या पाळ्या चेअरमनच्या, पुढचा आठवडा धुरपदाच्या. चेअरमन "बरं" म्हणाले आणि उठून आत गेले. चहासुद्धा झाला नाही.

परतताना सत्यजित जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसला. यवतच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र म्हणाला, "तुला बोलायचंच होतं तर पुण्यात बोलायचंस."

घरी गेले आणि खूप रडले. काकूला न्याय मिळाला वगैरे ठीक होतं, पण मला पुण्याला जायचं होतं.

शुक्रवारी चेअरमनचा निरोप आला, सोबत साडेतीनशे रुपये. आम्हाला दिलेला शब्द त्यांनी पाळला होता, पण आपल्या पद्धतीनं. 'आमच्या बाजूनं बोलला त्याचे हे. दुसरीचे दुसऱ्यांनी बघावेत.' सत्यजित त्या नोटांकडं बघत बसला. एकट्याला स्पर्धेत घेत नाहीत, हे चेअरमनना कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी, स्पर्धेच्या दिवशी सकाळी, तरीही मी स्टँडवर गेले. घरी बसवेना. सत्यजितही आलेला होता. पुण्याच्या दोन गाड्या आल्या नि गेल्या, आम्ही दोघं त्यांच्याकडं पाहत उभे होतो. तेवढ्यात खुटबावकडून आलेल्या जीपमधून धुरपदाकाकू उतरली. सरळ माझ्याकडं आली, पदराची गाठ सोडली आणि चुरगळलेल्या नोटा माझ्या हातावर ठेवल्या.

"काकू, मी पैशासाठी नव्हते बोलले."

"मंग ह्यो कशासाठी बोलला?" तिनं सत्यजितकडं बोट केलं. "त्येच्या बाजूवाल्यानं त्येला साडेतीनशे दिलं का न्हाई? माझी बाजू काय फुकटची हाय?"

सत्यजितनं मान खाली घातली. मी नोटा घट्ट धरल्या. मला वाकून तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढ्यात तिसरी गाडी लागली आणि माणसं दाराशी घुसली.

"तिथं बी माझ्याच बाजूनं बोलशील नव्हं?" ती खालून म्हणाली. तोवर सत्यजित आत शिरला होता आणि मी पायरीवर होते.

"तिथं तसं नसतं काकू. कुठल्या बाजूनं बोलायचं त्याची चिठ्ठी काढतात. जी निघेल ती."

"चिठ्ठी कोन काढतं?"

"मीच."

"मंग नीट बघून काढ," धुरपदाकाकू म्हणाली आणि परतीची जीप भरायच्या आत जागा धरायला निघून गेली.

कंडक्टरनं घंटी मारली. मला खिडकीची जागा मिळाली होती, पण त्या दिवशी पुण्यापर्यंत मी एकदाही 'पाणी' म्हणून पाहिलं नाही. सगळ्या वाटेनं मी चिठ्ठी काढायच्या हाताकडंच बघत होते.