मधाचा थेंब आणि दोन आवाज

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वाणीबाबा तोतऱ्याच्या जिभेवर मधाचा थेंब ठेवत, "बोला माझ्याबरोबर!" म्हणत, आणि तोतरा घडाघडा बोलू लागे. लोक तोंडात बोटं घालत. बाबांची स्वतःची जीभ मधाविनाच सुसाट होती. "आता वकीलसुद्धा तुमच्यापुढे पाणी भरतील!"

दिराने वहिनीला पुढे ढकललं. नवरा कारखान्यात यंत्रात सापडून गेला, तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. रडूही येत नव्हतं. उद्या चौकशी होती. 'त्याच सकाळी त्याने स्वतःच यंत्राची संरक्षक जाळी काढली,' असं मालकाचं म्हणणं. खरं सांगायला तयार होती ती त्याच्या शेजारच्या यंत्रावर काम करणारी वहिनी एकटीच, आणि तीही तोतरी.

थेंब पडला. बाबांच्या सुरात सूर मिळवून ती म्हणाली, "सत्य माझ्या जिभेवर आहे, मला कुणाचं भय नाही." कुठेही अडखळली नाही. टाळ्या कडाडल्या. तिला आनंदसुद्धा झाला नाही.

सोबत आलेली नणंद उठली. ती शाळेत मुलांना वादविवाद शिकवायची. पुराव्याशिवाय मुद्दा ऐकून घ्यायची नाही.

"बाबा, आता तुम्ही गप्प राहा. तिला एकटीला बोलू द्या."

"स... स... सत्य..." वहिनी अडली.

"श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

"बरं. वहिनी, चूळ भर आणि माझ्याबरोबर म्हण."

दोघींनी एकत्र म्हटलं. वाक्य सरळ पार पडलं.

"मध असताना अडली, मध नसताना बोलली," नणंद लोकांकडे वळली. "दुसऱ्याच्या आवाजाबरोबर बोलताना बहुतेक तोतरे अडखळत नाहीत. बाबांना हे ठाऊक आहे, तुम्हाला नव्हतं. एवढाच चमत्कार!"

"ताई, होती नव्हती ती आशाही घालवलीस," दीर बाहेर येऊन चिडला. "उद्या ही कशी बोलणार?"

"अडखळत. मुद्दा कुठे अडखळतोय?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या चौकशीत वहिनी उभी राहिली. मालकाचा वकील गालात हसला.

"मी म... म्हणते म्हणून मानू नका," ती म्हणाली. "मालक म्हणतात म्हणूनही न... नका मानू. यंत्राला त्या दिवसापासून सील आहे. जाळीच्या स्क्रूंची भ... भोकं बघा. त्याच सकाळी जाळी काढली असती, तर भोकं स्वच्छ असती."

अधिकाऱ्यांनी सील तोडलं, भोकात तार घातली. जुन्या वंगणाचा वाळलेला, दगडासारखा मळ बाहेर आला; जाळी कित्येक महिन्यांपासूनच नव्हती. वकिलाचं हसू मावळलं.

"बोललीस गं, वहिनी!" दीर पुढे येऊन म्हणाला.

तिला काहीच वाटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "त... त्यांनी बघितलं. बस्स."