खिळेबाई

“आता बघा गंमत,” म्हणत क्लेम डन्स्टनने व्हर्नाच्या धातू शोधायच्या मशीनवरच्या निळ्या टेपचं टोक नखाने उचकटलं आणि एका झटक्यात सगळी पट्टी सोलून काढली. टेपखाली फिरवायची गोल बटणं होती. ती त्याने जुन्या रेडिओशी खेळावं तशी फिरवली, काही इकडे, काही तिकडे, मग सगळी उलटी. टेपची गोळी करून त्याने शेकोटीत फेकली.

व्हर्ना पॅस्को राखेतून पाव काढत होती. जळकट वास आला म्हणून तिने मागे वळून पाहिलं.

“काय केलंस, क्लेम?”

“काही नाही गं. लायलला सुट्टी दिली. दोन वर्षं बिचारा तुझ्या मशीनला चिकटून बसलाय. मेल्यावर तरी माणसाला मोकळं करावं की नाही?”

पर्थहून आलेलं एक नवखं जोडपं सोनं शोधणाऱ्यांच्या त्या तळावर होतं, ते हसलं. त्यांना हसू आलं ते समजण्यासारखं होतं. बाकीचे सगळं ठाऊक असून हसले.

व्हर्ना हसली नाही. तिने मशीन मांडीवर घेतलं आणि टेप होती त्या जागेवरून अंगठा फिरवला. तिथलं प्लॅस्टिक अजून नव्यासारखं स्वच्छ होतं.

“कुठे होती ही बटणं? क्लेम, कुठे होती सांग ना! पुन्हा तशीच लाव.”

“मला काय माहीत? मी काय फोटो काढून ठेवलाय?”

“अगं व्हर्ना, चेष्टा केली गं त्याने,” क्लेमची बायको नोलीन म्हणाली. “चहा घे आधी.”

व्हर्नाने चहा घेतला नाही. मशीन, कुदळ आणि पाण्याची बाटली उचलून ती तळ सोडून चालू लागली. साठी उलटलेली बाई, जाताना लहान मुलासारखी बाहीने नाक पुसत होती. मागे कोणीतरी त्याचीही नक्कल केली.

लायल तिचा नवरा. दोघं दर हिवाळ्यात कालगुर्लीहून कॅरॅव्हॅन घेऊन लिओनोरा गावाच्या वर, मुल्गाच्या खुरट्या झाडांच्या रानात सोनं शोधायला यायची. उरलेलं वर्ष ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. तिथल्या नर्सा तिच्या रिकाम्या बोटाकडे बघून विचारायच्या, “मिसेस पॅस्को, लग्न झालंय ना तुमचं? मग अंगठी कुठाय?” व्हर्ना म्हणायची, “माझी अंगठी अजून जमिनीत आहे.” आमच्या भागात ही रीत आहे. सोनं शोधणाऱ्याच्या बायकोने दुकानातली अंगठी घालायची नाही. तिला स्वतःला पहिला खडा सापडला की त्याचीच घडवायची. लायलने लग्नातच सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “तुझ्या हाताला लागेल त्याची अंगठी, दुसरी नाही.” टाळ्या पडल्या होत्या.

तिच्या हाताला लागले ते खिळे. जुने खाणवाले रानभर टाकून गेलेले खिळे, घोड्याचे नाल, डब्यांची झाकणं. जन्मभर तिने तेवढंच उकरलं. ती ते सगळं बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात ठेवायची, कारण सापडलेलं काहीच फेकवत नसे. तळावर तिचं नावच खिळेबाई पडलं. लायलला मात्र सोनं मिळायचं. संध्याकाळी तळावर पत्र्याची एक ताटली फिरते. ज्याला सापडलं त्याने त्यात ठेवायचं, बाकीच्यांनी बघून “नशीब तुझं” म्हणायचं, आणि शेवटच्या माणसाचं म्हणून झालं की मगच मालकाने उचलायचं. व्हर्नाने ती ताटली आयुष्यभर पुढे सरकवली. नवऱ्यालाही दर वेळी मनापासून म्हणाली, “नशीब तुझं.”

हंगामाच्या पहिल्या दिवशी लायल तिचं मशीन स्वतः लावून द्यायचा. “ही लाल माती लोखंडाची. सारखी किंचाळते. तुझे कान नाजूक, मी शांत करून देतो,” म्हणायचा आणि वर टेप मारायचा. “याला हात लावायचा नाही.” तिने कधी लावला नाही. दोन वर्षांपूर्वी तो कॅरॅव्हॅनच्या पायरीवर चहा पिता पिता गेला. त्याचे कपडे तिने वाटून टाकले, बूट क्लेमला दिले. टेप तेवढी राहू दिली, कारण तिच्याखाली ती बटणं त्याच्या बोटांनी सोडली तशीच होती. माणूस कशाला कवटाळून बसेल सांगता येत नाही. क्लेमला हे सगळं माहीत होतं, म्हणून तर त्याला विनोद सुचला. आणि विनोद सुचला की क्लेमला स्वतःचं नुकसानही दिसत नाही.

लाल कड्यामागचं सपाट रान तिने काल पालथं घातलं होतं. एक खिळा आणि पट्ट्याचं बक्कल, एवढी काय ती कमाई. तिथेच जाऊन तिने मशीन चालू केलं, तर ते कापायला धरलेल्या डुकरासारखं ओरडायला लागलं. तिने हेडफोन काढून फेकले. मग पुन्हा उचलले, कारण तळावर परत जाऊन ती तोंडं बघण्यापेक्षा हे परवडलं.

आजवर तिने लायलला त्याचं स्वतःचं मशीन लावताना हजारदा पाहिलं होतं. बघणारीला काही कळत असेल असं त्याला कधी वाटलं नाही. तिने आधी एक बटण उतरवलं, तेव्हा किंकाळी जाऊन डासासारखी बारीक गुणगुण उरली. मग खालची तबकडी जमिनीवर वर-खाली, वर-खाली करत दुसरं बटण इतकं फिरवलं, की मातीचा आवाज गुणगुणीत विरून गेला. तिसरं बटण म्हणजे मशीनचा कान. तो उघडत नेला, कुरकुर सुरू झाली, तसा किंचित मिटला. इतकंच होतं. इतक्यासाठी ती जन्मभर “लायल, लावून दे रे” म्हणत आली होती.

कालच्या खिळ्याच्या खड्ड्याशेजारीच गुणगुण जराशी वाकली. कोणी झोपेत कूस बदलावी एवढीच. व्हर्ना पुढे गेली आणि परत आली. पुन्हा वाकली. तिने उकरलं, निघालेली माती अर्धी-अर्धी करून मशीनखाली धरत गेली आणि शेवटी तळहातावर वालाच्या दाण्याएवढा पिवळा खडा उरला.

 ती आनंदाने रडली. “लायल, मिळालं रे मला. अरे, मिळालं!” असं त्या रिकाम्या रानात मोठ्याने म्हणाली. तिला वाटलं, त्यानेच वरून धाडलं.

दुसरा खडा पलीकडेच निघाला. तिसरा निघाला तो काल बक्कल सापडलं त्याच खड्ड्यात, वीतभर खाली. त्या खड्ड्यावरून काल तिने पुन्हा मशीन फिरवलं होतं. लायलने शिकवलेलंच होतं ते, खड्डा बुजवण्याआधी पुन्हा एकदा बघायचं. मशीन तेव्हा अवाक्षर बोललं नव्हतं.

 मग तिने ते खडे एका रेषेत मातीवर मांडले आणि शेजारी कालचा खिळा ठेवला. बटणं कुठे असायची ते तिला ठाऊक नव्हतं, पण मशीन कसं वाजायचं ते तिच्या कानात पक्कं होतं. गुणगुण नाही, कुरकुर नाही, नुसती शांतता. तशी शांतता होईतो तिने बटणं उलटी फिरवली आणि तबकडी सोन्यावरून नेली. मशीन गप्प. पुन्हा नेली, अगदी टेकवून. गप्प. मग खिळ्यावर नेली आणि मशीन टाहो फोडून ओरडलं.

तिने मशीन बंद केलं. 

उन्हं कलली तेव्हा क्लेम कड्याला वळसा घालून आला. खांद्यावर मशीन, पायांत लायलचे बूट. तिला बघून तो थबकला. ती ऊर बडवत कॅरॅव्हॅनमध्ये पडली असेल असा त्याचा हिशेब होता.

“तू अजून इथेच?”

“ही माझी कालची जागा आहे, क्लेम. तू इथे कशाला आलास?”

“असाच. पाय मोकळे करायला.”

“मशीन घेऊन?”

क्लेमची नजर मातीवरच्या सोन्याकडे गेली. मग त्याने खोटं बोलायचाही कंटाळा केला.

“नोलीनने झाडलं मला. म्हणाली, गाढवा, टेप काढलीस, आता तिला ऐकू येणार. म्हटलं, तू परत फिरायच्या आत आटपावं.”

“किती वर्षं चाललंय हे?”

“मी आत्ताचा गं, लायल गेल्यापासूनचा. आधी तोच यायचा ना. तू दुपारी आडवी झालीस की तू मशीन फिरवलेल्या रेघांवरून फिरायचा. वरचा कचरा तू काढलेला, मग बारीक आवाज स्वच्छ लागतो. व्हर्ना झाडते, मी वेचतो, असं म्हणायचा.”

“सगळ्यांना म्हणायचा?”

“आता तळावर काय लपतं?”

“आणि अंगठीचं?”

क्लेम हसला. तो वाईट हेतूने हसला असंही नाही, जुनी गंमत आठवून हसला. “त्यावर तर किती हसलोय आम्ही! म्हणायचा, अंगठी मिळाली की बाई घरी बसेल, मग रान कोण झाडणार?”

व्हर्ना उठली. गुडघ्यांची माती झटकली. “नोलीनची अंगठी कुठली रे? मागच्या वर्षी ताटलीत ठेवली होतीत, तिच्या पहिल्या खड्याची म्हणून. मी पापा घेतला होता तिचा.”

क्लेम लायलच्या बुटांकडे बघत राहिला. “ओढ्यापलीकडची,” तो म्हणाला.

ओढ्यापलीकडचं रान व्हर्नाने झाडलं होतं. एकटीने, लायल गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, रडत रडत.

त्या संध्याकाळी ताटली निघाली तेव्हा व्हर्नाने हात पुढे केला आणि खडे तिच्यात सोडले. पत्र्यावर टणटण आवाज झाला. पर्थची बाई “अय्या!” म्हणाली आणि नवऱ्याने कोपर मारलं तशी गप्प बसली. ताटली हातोहात निघाली. जो तो घाईने पुढे सरकवत होता. कोणी शेकोटीतलं लाकूड सारखं केलं, कोणी कुत्र्याला हाक मारली. क्लेमला तेवढ्यात गाडीशी काम निघालं. नोलीनने ताटली उजव्या हाताने घेतली. डावा हात तिने केव्हाच मांडीखाली दाबून ठेवला होता.

“म्हण ना, नोलीन,” व्हर्ना म्हणाली. “तू शेवटची आहेस.”

नोलीनचे ओठ हलले, पण ते दोन शब्द काही बाहेर पडेनात. एरवी ही बाई कुणाच्या टाचणीएवढ्या सोन्यालाही ते म्हणायची. व्हर्ना वाट बघत बसली. अंधार पडला, एकेक जण उठून गेला, नोलीनही ताटली खाली ठेवून गेली. रीत होती म्हणून व्हर्नाने सोनं उचललं नाही. तिनेही जन्मभर रीतच पाळली होती. मग तिनेच, फक्त स्वतःला ऐकू येईल इतपत म्हटलं, “नशीब माझं,” आणि खडे खिशात टाकले.

सकाळी तिने कॅरॅव्हॅन गाडीला जोडली. तळाच्या टोकाला एका मुल्गाखाली लायलची राख पुरलेली होती, त्याच्याच इच्छेनुसार, सोन्याच्या रानात. व्हर्ना तिथे गुडघ्यांवर बसली आणि कुदळीने उथळ खड्डा खणला. बिस्किटांचा डबा उघडून त्यात उपडा केला. खिळे, नाल, झाकणं, कालचं बक्कल, सगळं. आता लायलवरून कोणी मशीन नेलं तर ते लोखंड म्हणून ओरडेल आणि माणूस पुढे जाईल.

खड्डा तसाच टाकून उठायचं नाही, असं लायलनेच शिकवलं होतं. तिने माती लोटली, पायाने नीट दाबली आणि गाडीकडे गेली.