केळशीचा टेपरेकॉर्डर देवराईत

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर. आता जुना झालो. माझी पहिली आठवण कुवेतमधल्या एका दुकानाच्या काचेची. १९९८ साली तिथून दाऊदभाईंच्या बॅगेत बसून मी केळशीला त्यांच्या घरी आलो. सुट्टी संपली तसे ते नोकरीवर परतले आणि मी त्यांच्या बायकोपाशी, ताजबीपाशी राहिलो.

फोन महाग होता. म्हणून ताजबी माझ्यासमोर बसून नवऱ्याशी बोलायची. आंब्याला मोहर किती, कुणाची मुलगी कुठे दिली, सगळं. ती कॅसेट कुवेतला जाणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून जाई. ऐकून झाली की दाऊदभाई तिच्यावरच उत्तर भरून पाठवत. जुनं पुसायचं, नवं भरायचं. वाडीत घरोघरी हीच रीत होती, त्यात कुणाला काही वाटत नसे. मलाही नाही. पाहुणे "काय खणखणीत हाय रे!" म्हणत, तेव्हा मात्र मी जरा फुगायचो.

२००१ साली दाऊदभाई तिकडेच वारले, तिकडेच त्यांना दफन केलं. त्यांची शेवटची कॅसेट त्यानंतर घरी पोचली. ताजबीने तिच्यावर उत्तर भरलं नाही. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की ती कॅसेट लावायची, ऐकायची आणि कपाटात ठेवायची.

त्यांचा मुलगा रमजान दापोलीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होता. सदाहरित जंगलांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना मुंबईची एक संस्था अभ्यासवृत्ती देते, असं त्याला कळलं. प्रवासखर्च मिळणार, लेख मोठ्या पेपरात येणार. फक्त तिथल्या माणसांचे आवाज भरून आणायचे. त्याची निवड झाली. खेडच्या वर, सह्याद्रीला लागून असलेल्या एका गावात देवराई तोडायचं ठरत होतं. देवळावर स्लॅब घालायला गावकरी देवाचीच झाडं विकणार होते. रमजानला लिहून ते थांबवायचं होतं. लाकडाचा व्यापारी गावात पोचल्याचं कळताच त्याने मला उचललं आणि एसटी पकडली.

आदल्या संध्याकाळी पाहुणे आले होते, त्या गडबडीत दाऊदभाईंची ती कॅसेट माझ्या पोटातच राहिली होती. रमजानने आत पाहिलं नाही. कॅसेट म्हणजे भरायची, अशीच त्याच्या हाताला सवय. देवराईत दिवा लावणाऱ्या गोदाबाई बोलू लागल्या आणि त्याने लाल बटण दाबलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. "ह्या रानातलं वाळलेलं पानसुदीक आमी चुलीत घातलं नाय कधी," गोदाबाई सांगत होत्या. वरून धनेश पंख वाजवत गेले. मी ते सगळं भरून घेत गेलो आणि खालचं पुसत गेलो.

घरी ताजबीने बटण दाबलं. नवऱ्याच्या जागी गोदाबाई बोलल्या. रमजान भिंतीला टेकून खालीच बसला.

"अम्मा, मी बघितलंच नाय गं आत. नको मला ती अभ्यासवृत्ती. नाय लिहीत मी."

ताजबी रडली नाही. कॅसेट संपेपर्यंत ऐकत बसली. मग म्हणाली, "आता नाय लिवलंस तर तेबी गेलं नि हेबी गेलं. लिव गप."

त्याने लिहिलं. लेख छापून आला, संस्थेने वाखाणला. पण तोवर झाडं गेली होती आणि देवळावर स्लॅब घालून झाला होता. रमजान पेपर मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. मला वाईट वाटलं का? वाटलं असावं. नीट सांगता येत नाही.

कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आमच्याकडे ते कधी कुणी मोडत नसे. मोडले तर उत्तर कशावर भरणार? त्या दिवशी ताजबीने सुरीच्या टोकाने ते मोडले. आता ते रान ऐकायचं तर त्या कॅसेटवरच.

मित्रांनो, माझा बेल्ट सैल झालाय, माळ्यावर धूळ खात पडलोय. मला नाही सांभाळलंत तरी चालेल. पण तुमच्या घरी एखादा आवाज जपायचा असेल, तर ते तुकडे वेळेवर मोडा. आमच्याकडे मोडले, तेव्हा आत दाऊदभाई नव्हते.